सर अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिन देणारे आणि इशारा देणारे



आपल्या प्रत्येकाच्या घरी, कपाटावर किंवा फडताळात, बिस्किटांचा एक रिकामा डबा असतो. त्यात औषधांच्या अर्धवट उरलेल्या पट्ट्या असतात. दादीला गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी पाच दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, उरलेल्या डब्यात गेल्या. पुढे कोणाचा घसा धरला की त्याच बाहेर येतात. आमच्याही घरी असा डबा होता आणि त्याच्यावर आमचा फार विश्वास होता, हे आधीच कबूल करतो. त्या डब्यातील औषधांच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे पेनिसिलिन. ते ज्यांच्या हाती प्रथम लागले त्या सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. शाळेतील भाषणांत फ्लेमिंग यांची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. एका गरीब शेतकऱ्याने दलदलीत बुडणाऱ्या श्रीमंत मुलाला वाचविले. श्रीमंताने उपकाराची फेड म्हणून शेतकऱ्याच्या मुलाला शिकविले. तो मुलगा फ्लेमिंग झाला. आणि बुडणारा मुलगा म्हणजे विन्स्टन चर्चिल, ज्यांचा न्यूमोनिया पुढे पेनिसिलिनने बरा झाला. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. स्वतः फ्लेमिंग यांनी ती नाकारली होती. चर्चिल यांना १९४३ च्या डिसेंबरात न्यूमोनिया झाला होता हे खरे. परंतु त्यांना दिलेले औषध पेनिसिलिन नव्हते. ती सल्फा जातीची, एम. अँड बी. ६९३ या नावाची गोळी होती. हे नाव लक्षात ठेवा. फ्लेमिंग यांच्या आयुष्यात ती गोळी महत्त्वाची आहे, पण वेगळ्याच कारणाने.

अलेक्झांडर यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावाजवळ लॉकफील्ड नावाच्या एका शेतवस्तीवर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग यांचे हे दुसरे लग्न होते. पहिल्या व दुसऱ्या आईची मिळून आठ भावंडे त्या घरात वाढली. अ‍ॅलेक सात वर्षांचा असताना वडील वारले. माळरानावर मेंढरे, ओढ्यात मासे आणि हिवाळ्यात बर्फ, असे ते बालपण. थोडा मोठा झाल्यावर डार्व्हेलच्या शाळेत जाण्यासाठी चार मैल चालत जावे लागे आणि तितकेच परत. आपल्या पाथर्डी तालुक्यातील वस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या मुलामुलींना हे निराळे सांगायला नको.

ज्या १८८१ साली हा मुलगा जन्मला, त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, एका नव्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसाच्या थुंकीत सापडलेला, जोडीजोडीने राहणारा आणि अंगावर गुळगुळीत कवच असलेला हा जंतू पुढे न्यूमोकॉकस या नावाने ओळखला जाऊ लागला. निरोगी माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाघशात तो गुपचूप राहतो. फुफ्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो, कानात गेला तर कान फुटतो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर जिवावर बेतते. बाळाचा श्वास जोरात चालू लागतो, पोट उडते, बरगड्यांखाली खड्डा पडतो. आपल्या घरांतील आजीबाईंना ही लक्षणे पुस्तकावाचून माहीत असतात. फ्लेमिंग यांच्या आयुष्यात हा जंतू पुन्हा पुन्हा येणार आहे.

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी अ‍ॅलेक लंडनला थोरल्या भावाकडे राहावयास गेला. भाऊ डोळ्यांचा डॉक्टर होता. काही काळ शिक्षण झाले, मग एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी सुरू झाली. चार वर्षे तो खर्डेघाशी करीत होता आणि ते काम त्याला मुळीच आवडत नव्हते. १९०१ साली एक चुलते वारले आणि त्यांच्या मिळकतीतून अडीचशे पौंड वाट्याला आले. भावाने सल्ला दिला, डॉक्टर हो. वय वीस, शालेय परीक्षा अर्धवट. पण खाजगी शिकवणी लावून त्याने प्रवेशाची पात्रता मिळविली आणि शिष्यवृत्तीही मिळविली. लंडनमधील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांपैकी सेंट मेरीज त्याने का निवडले? त्या महाविद्यालयाच्या संघाशी तो एकदा पाण्यातील पोलो खेळला होता, एवढेच कारण! थोरांच्या आयुष्यात सगळे विचारपूर्वक घडते असे आपण उगीच मानतो.

१९०६ साली ते डॉक्टर झाले आणि सेंट मेरीजमध्येच सर अल्मरॉथ राइट यांच्या लस विभागात रुजू झाले. त्यातही नेमबाजीचा भाग होता. चांगला नेमबाज रुग्णालयाच्या संघातून जाऊ नये म्हणून मित्रांनी त्यांना तिथे चिकटवून दिले. राइट हे मोठे गृहस्थ. विषमज्वराच्या लशीवर त्यांनी काम केले होते, १८९८ साली प्लेग कमिशनचे सभासद म्हणून ते भारतातही येऊन गेले होते. गुरू बोलका, वाद घालणारा. शिष्य बुटका, अबोल, प्रश्न विचारला तर दोन शब्दांत उत्तर देणारा. पण प्रयोगशाळेत त्या शिष्याचा हात धरणारा कोणी नव्हता. काचेच्या नळीतून तो हवी ती उपकरणे फुंकून बनवी.

गुरूच्या एका अपयशाची हकिकत इथे सांगितलीच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत काम करणारे आफ्रिकी मजूर न्यूमोनियाने मोठ्या संख्येने मरत होते. दूरदूरच्या खेड्यांतून आणलेली माणसे, दाटीवाटीच्या खोल्या, थंडी आणि धूळ. १९११ साली राइट यांना तिथे बोलावून न्यूमोकॉकसची लस टोचण्याचा मोठा प्रयोग करण्यात आला. मनासारखे यश आले नाही. कारण पुढे उघड झाले. स्पेन्सर लिस्टर यांनी तिथेच दाखविले की न्यूमोकॉकस हा एक जंतू नव्हे, ते पुष्कळ प्रकारांचे कुटुंब आहे. प्रत्येकाच्या अंगावरील कवच निराळे, आणि एका कवचाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या कवचापुढे बहुधा निकामी ठरते. बाहेरून सारे एकसारखे दिसतात, पण दाराची कुलुपे वेगवेगळी. त्या काळी असे तीन-चार गट ओळखले होते. आज या कवचांचे शंभराहून अधिक प्रकार माहीत झाले आहेत.

पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग फ्रान्समधील बूलोन येथे लष्करी रुग्णालयात होते. जखमांवर सर्जन जंतुनाशक औषधे ओतत आणि तरीही सैनिक सडून मरत. फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी तापवून तिला काट्यांसारखे फाटे काढले, म्हणजे खोल, वेडीवाकडी जखमच काचेत बनविली. आणि दाखविले, की जंतुनाशक त्या फाट्यांच्या टोकांपर्यंत पोचतच नाही. उलट जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र आधी मरतात. म्हणजे औषध शत्रूपेक्षा आपल्याच शिपायांना जास्त मारीत होते. हा धडा ते कधी विसरले नाहीत. जंतूला मारील पण माणसाला दुखवणार नाही असे काही आहे का, हा शोध तिथून सुरू झाला. १९१५ साली त्यांनी सॅरा या आयरिश परिचारिकेशी विवाह केला. १९२१ साली त्यांना पडसे झाले असताना स्वतःच्याच नाकातील शेंबडात जंतू विरघळविणारा एक पदार्थ सापडला. त्याला लायसोझाइम म्हणतात. तो अश्रूंत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्या बलकातही असतो. पण भयंकर रोगांच्या जंतूंवर त्याचा इलाज चालत नव्हता.

यानंतरची १९२८ ची कथा तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सुटीवरून सप्टेंबरात परतल्यावर टेबलावर पडून राहिलेल्या काचेच्या बशांपैकी एकीत बुरशी आलेली दिसली, आणि बुरशीच्या भोवतालचे पू करणारे जंतू विरघळलेले दिसले. दुसऱ्या कोणी ती बशी धुवायला टाकली असती. फ्लेमिंग यांनी बुरशी वाढविली, तिचा रस गाळला आणि १९२९ साली त्याला पेनिसिलिन हे नाव दिले. मग त्यांनी जे केले ते फारसे कोणी सांगत नाही. त्यांनी एकेक जंतू त्या रसापुढे उभा केला. कोण मरतो, कोण मरत नाही, याची यादी केली. घशाचा स्ट्रेप्टोकॉकस मेला, घटसर्पाचा जंतू मेला, न्यूमोकॉकस मेला. विषमज्वराचा जंतू मात्र खुशाल वाढत राहिला. म्हणजे जगातील पहिल्या प्रतिजैविकाच्या पहिल्याच निबंधात, कोणावर ते चालत नाही हेही स्पष्ट लिहिलेले आहे.

पेनिसिलिन टिकत नसे आणि शुद्ध करता येत नसे, म्हणून दहा-बारा वर्षे ते कपाटातच राहिले असे म्हणतात. पूर्णतः नव्हे. शेफील्ड शहरातील सेसिल पेन या डॉक्टरांनी फ्लेमिंग यांच्याकडून आलेली बुरशी वाढवून १९३०च्या सुमारास काही रुग्णांचे डोळे वाचविले. त्यांत कोळशाच्या खाणीतील एक अधिकारी होता. डोळ्यात दगडाचा कण घुसून न्यूमोकॉकसची लागण झाली होती. पेन यांनी हे तेव्हा प्रसिद्धच केले नाही, याची त्यांना पुढे जन्मभर खंत वाटली असणार, असे मला वाटते.

आता ती गोळी. १९३८ साली मे अँड बेकर या इंग्रज कंपनीची एम. अँड बी. ६९३ निघाली आणि न्यूमोनियाचे रुग्ण धडाधड बरे होऊ लागले. डॉक्टर आणि वर्तमानपत्रे हर्षभरित झाली. फ्लेमिंग यांनी टाळ्या वाजविण्याऐवजी आपल्या दोन सहकाऱ्यांना, मॅक्लीन आणि रॉजर्स यांना, बरोबर घेऊन न्यूमोकॉकसचे निरनिराळे नमुने जमविले आणि प्रत्येकावर ते औषध तपासले. १९३९ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा निबंध आला. दोन गोष्टी दिसल्या. सगळे न्यूमोकॉकस त्या औषधाला सारखेच वश होत नाहीत. काही मुळातच चिवट असतात. आणि दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जंतूला मरणार नाही इतक्या थोड्या औषधात वाढू दिले, तर तो ते औषध सोसायला शिकतो. आज थोडे, उद्या थोडे अधिक, असे करता करता जी मात्रा पूर्वी त्याला रोखीत होती तिच्यात तो मजेत राहतो.

वाचकहो, ध्यानात घ्या, हे १९३९ साल आहे. पेनिसिलिन अजून औषध म्हणून जगापुढे आलेलेही नाही. आणि जो माणूस पुढे त्याचा जनक म्हणून ओळखला जाणार, त्याने औषधाला सरावलेला न्यूमोकॉकस स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवला आहे.

पेनिसिलिनचे औषध बनविण्याचे श्रेय ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांचे. मे १९४० मध्ये त्यांनी उंदरांवर प्रयोग केला. १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला ते टोचले. तो सुधारू लागला, पण औषध संपले. लघवीतून निघून गेलेले औषध गाळून पुन्हा टोचण्यापर्यंत मजल गेली, तरीही पुरले नाही आणि तो दगावला. एक माणूस औषध अर्धवट राहिल्याने गेला, कारण सगळ्या इंग्लंडात तेवढेच औषध होते. आपण मात्र डब्यात ठेवतो! याच ऑक्सफर्डच्या मंडळींना १९४० मध्येच काही जंतूंत पेनिसिलिनचा नाश करणारा पाचकरस सापडला होता, हेही नमूद केले पाहिजे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये फ्लेमिंग यांनी फ्लोरींकडून औषध मागून घेतले आणि मेंदूच्या आवरणाला सूज येऊन मरणपंथाला लागलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या पाठीच्या कण्यात ते टोचले. तो बरा होऊन घरी गेला. वृत्तपत्रांनी फ्लेमिंग यांना डोक्यावर घेतले आणि ऑक्सफर्डची मंडळी काहीशी झाकोळली. यात फ्लेमिंग यांचा दोष किती आणि सेंट मेरीजच्या प्रसिद्धीप्रेमाचा किती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. अबोल माणसाने त्या वेळी थोडे अधिक बोलावयास हवे होते असे माझे मत आहे. १९४४ साली ते सर झाले. १९४५ चे नोबेल पारितोषिक त्यांना, फ्लोरींना आणि चेन यांना मिळून देण्यात आले.

११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे नोबेल व्याख्यान झाले. असल्या प्रसंगी माणूस आपल्या शोधाचे गुणगान करतो. फ्लेमिंग यांनी शेवटी एक घरगुती गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून थोडे पेनिसिलिन आणतो आणि मनाने घेतो. जंतू मरण्याइतके नव्हे, शहाणे होण्याइतके. तेच शिकलेले जंतू त्याच्या पत्नीला लागतात. तिला न्यूमोनिया होतो. डॉक्टर पेनिसिलिन देतात, पण जंतू आता जुमानत नाहीत आणि ती मरते. मग या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न विचारून त्यांनी उत्तरही देऊन टाकले : तो नवरा. पेनिसिलिन त्या काळी बहुतेक देशांत दुकानात सहज मिळतही नव्हते. पण ते मिळू लागेल तेव्हा काय होईल, हे त्यांना दिसत होते.

ही गोष्ट पाथर्डीत आणून पाहा. दिवस थंडीचे. अब्बांना सर्दी-खोकला झाला. सर्दी बहुधा विषाणूंची असते आणि तिच्यावर प्रतिजैविक चालतच नाही. तरी बाजारातून येताना त्यांनी मेडिकलमधून पॉवरच्या चार गोळ्या आणल्या, दोन घेतल्या, बरे वाटले. अब्बांच्या घशात राहणाऱ्या जंतूंपैकी मऊ होते ते मेले, चिवट होते ते उरले आणि त्यांना जागा मोकळी झाली. रात्री धाकटी मुलगी त्यांच्या कुशीत झोपली. पंधरा दिवसांनी तिचे पोट उडू लागले, तालुक्याच्या डॉक्टरांनी औषध दिले, दोन दिवस उतार नाही. मग करंजी घाट ओलांडून रात्रीच नगरला न्यावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी भारी इंजेक्शने दिली आणि मुलगी वाचली. अब्बांना शेवटपर्यंत कळले नाही की हे दुखणे कुठून आले. ही मी रचलेली कथा आहे, पण अशा कथेतला कोणता भाग अशक्य आहे ते तुम्हीच पाहा. आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कोप्यांत राहतात. तिथे चुलीचा धूर, गारठा आणि एका अंथरुणात तीन-चार लेकरे. न्यूमोकॉकसला याहून सोयीची जागा नाही.

एक खुलासा प्रामाणिकपणे केला पाहिजे. फ्लेमिंग यांनी गोष्टीत नाव घेतले होते ते घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसचे. गंमत अशी की तो जंतू आजतागायत पेनिसिलिनला शरण येतो. इशारा खरा ठरविला तो त्याच्याच भावकीतल्या न्यूमोकॉकसने.

ते कसे, हे समजण्यासाठी पुन्हा १९२८ कडे जाऊ. फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी पडली त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेतील फ्रेड ग्रिफिथ यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांनी कवच गमावलेले, निरुपद्रवी न्यूमोकॉकस जिवंत घेतले आणि दुसऱ्या प्रकारचे कवचधारी, पण उष्णतेने मारलेले न्यूमोकॉकस त्यांत मिसळून उंदराला टोचले. उंदीर मेला, आणि त्याच्या रक्तात जिवंत, कवचधारी, त्या मेलेल्यांच्या प्रकाराचे जंतू निघाले. मेलेल्याचा गुण जिवंताने उचलला होता! १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी दाखविले की उचललेला पदार्थ म्हणजे डीएनए. अनुवंशाचे सारे आधुनिक शास्त्र या जंतूच्या उसनवारीतून उभे राहिले. ग्रिफिथ ते पाहावयास नव्हते; १९४१ साली लंडनवरील बाँबहल्ल्यात ते मारले गेले.

हीच उसनवारी पुढे आपल्यावर उलटली. पेनिसिलिन हे जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना पकडून ठेवते. गवंडीच बांधून ठेवला की भिंत पडते. चिवट न्यूमोकॉकसने काय केले, तर आपल्याच घशात शेजारी राहणाऱ्या इतर स्ट्रेप्टोकॉकसांकडून त्या प्रथिनांच्या आराखड्याचे तुकडे उचलले आणि आपला गवंडी बदलून टाकला. पेनिसिलिनच्या हाताला आता तो लागत नाही. जंतू कवचही याच रीतीने बदलतो.

फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी हृदयविकाराने लंडनमध्ये वारले. पहिली पत्नी १९४९ साली वारल्यानंतर १९५३ मध्ये त्यांनी ग्रीसच्या डॉ. अमालिया यांच्याशी विवाह केला होता. त्यांच्या अस्थी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये आहेत. त्याच १९५५ साली, आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभारलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशातून बोटीने येणारे औषध मराठी मुलखात बनू लागले. त्या कारखान्याला पुढे वाईट दिवस आले, तो विषय निराळा.

त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९६७ साली, पेनिसिलिनला न जुमानणारा न्यूमोकॉकस ऑस्ट्रेलियात एका रुग्णात सापडल्याची नोंद झाली. पाठोपाठ शेजारच्या न्यू गिनीत असे जंतू मिळाले. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबानच्या रुग्णालयांत अशा जंतूंनी मुले दगावली, आणि जोहान्सबर्गच्या रुग्णालयांत तर पेनिसिलिनसह अनेक औषधांना दाद न देणारा १९-अ कवचाचा न्यूमोकॉकस निघाला. शोधल्यावर तो रुग्णांच्या आणि काही कर्मचाऱ्यांच्या नाकाघशातही मिळाला. जिथे बरे होण्यासाठी जायचे तिथेच तो वस्तीला होता. राइट यांची लस फसली तोच हा देश.

आपल्याकडे काय? १९९३ ते १९९७ या काळात भारतातील सहा रुग्णालयांत न्यूमोकॉकसने गंभीर आजारी झालेल्या रुग्णांचे नमुने पद्धतशीर तपासण्यात आले. पेनिसिलिनला काहीसे दाद न देणारे फक्त १.३ टक्के निघाले, ही समाधानाची बाब. पण को-ट्रायमॉक्साझोल या स्वस्त आणि घरोघरी वापरल्या जाणाऱ्या सल्फाच्या औषधाला ५६ टक्के जंतू जुमानत नव्हते. फ्लेमिंग यांनी १९३९ मध्ये ज्या कुळातले औषध तपासले होते त्याच कुळातले हे औषध. यानंतर देशात पेनिसिलिनबाबतचे चित्रही बिघडत गेले आहे.

म्हणून औषधाला भ्यायचे काय? मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८-८९ मध्ये खेड्यातील साध्या माणसांना बाळाचा श्वास मोजायला शिकविले आणि न्यूमोनिया ओळखून हेच को-ट्रायमॉक्साझोल देण्यास शिकविले. ज्या गावांत हे झाले तिथे पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते आणि ज्या गावांत झाले नाही तिथे १७.५. औषध तेच. फरक एवढाच की तिथे आधी श्वास मोजला जाई, मग गोळी दिली जाई, आणि नेमून दिलेले दिवस दिली जाई. सर्दीला गोळी नव्हती. किती दिवस घ्यायची हे ठरविणे डॉक्टरांचे काम; आता तेही पूर्वीपेक्षा कमी दिवस लिहितात. २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे मेडिकल दुकानांना कायद्याने बंधनकारक आहे. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर रागावू नका, तो कायदा पाळतो आहे.

राहिली लस. जे राइट यांना जमले नाही ते कवचांचे प्रकार कळल्यावर जमू लागले. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरील लस मुलांना दिली जाऊ लागली. त्या सात प्रकारांचे आजार झपाट्याने घटले, आणि रिकाम्या झालेल्या जागेत १९-अ हा जुना, औषधांना दाद न देणारा प्रकार पुढे सरकला. मग त्यालाही लशीत घ्यावे लागले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली दहा प्रकारांची लस २०२० च्या डिसेंबरात आली. तिच्यात १ आणि ५ हे आपल्याकडे अधिक आढळणारे प्रकार आहेत आणि १९-अ सुद्धा आहे. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून सरकारी कार्यक्रमात देशभर मोफत आहे. बाळ दीड महिन्याचे झाल्यावर पहिला डोस, साडेतीन महिन्यांना दुसरा आणि नऊ महिन्यांना तिसरा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी बाळाचे लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे. कारखान्याच्या गावातील आरोग्य केंद्रातही पुढचा डोस मिळतो. लशीत दहा प्रकार आहेत. बाकीच्या नव्वदाहून अधिक प्रकारांसाठी अजून फ्लेमिंग यांच्याच घराण्यातील औषध वापरावे लागते.